घरची परिस्थिती आणि मुलीची शाळा

मुलगी शाळेतून का गळली, असे विचारल्यास बहुधा ‘घरची परिस्थिती’ हेच उत्तर मिळते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. त्याच परिस्थितीतला तिचा भाऊ शाळेत टिकतो, याचा उलगडा त्यातून होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के, तर स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. भाऊ-बहीण एकाच छपराखाली वाढतात. तेव्हा हे अंतर केवळ दारिद्र्याने पडलेले नाही. घरातील कामाची वाटणी त्याच्या मुळाशी आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ असा हिशेब असतो. आई दिवसभर फडात गुंतली, की कोपीवरचे पाणी, भाकरी आणि तान्हे भावंड थोरल्या मुलीच्या वाट्याला येते. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे जवळजवळ निम्मे वर्ष. मुलाला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येते. मुलीला मागे ठेवावे तर तिच्या सुरक्षिततेची धास्ती, सोबत न्यावे तर शाळा बुडते. या धास्तीला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र तिचा शेवट पुष्कळदा अल्पवयीन विवाहात होतो, आणि नवी जोडी म्हणजे नवा कोयता, हा हिशेबही त्यामागे असतोच.

सुखवस्तू घरांनी यावरून निश्चिंत होऊ नये. तेथे मुलगी शाळेत जाते, पण महागडी शिकवणी आणि परगावचे महाविद्यालय आधी मुलासाठी राखले जाते.

याउलट, ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनातील घर पाहावे. शिक्षक असलेले वडील लवकर वारले. मिळकत आटली, तरी आईने बांबूची आयदाने विणून मुलांची शाळा चालू ठेवली. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे सांगितले, ते थेट स्त्रियांना. घरातील हा निर्णय कोणाच्या हाती यावा, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

आपल्यासारख्या निवासी शाळेत दिवाळीच्या सुटीनंतर एखादी मुलगी परतली नाही, तर नाव कमी करण्यापूर्वी एवढे विचारावे: तिच्या पाठची भावंडे किती आणि आई सध्या कोठे कामाला आहे?