व्हिडिओ गेममधले दान कोण टाकते?

प्रवरेच्या काठी नेवासे येथे एक दगडी खांब आहे. त्याला 'पैस खांब' म्हणतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली अशी श्रद्धा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तुमच्यापैकी पुष्कळांनी हा खांब शाळेच्या सहलीत पाहिला असेल. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर आणखीही एक गोष्ट जमा केली आहे, ती म्हणजे 'मोक्षपट' हा खेळ. त्याला त्या काळचा लेखी पुरावा नाही. आज हाती असलेले पट त्यानंतर कितीतरी शतकांनी रंगवलेले आहेत. पण खेळ मोठा नामी आहे. शिडीच्या पायथ्याशी दया, भक्ती असे गुण लिहिलेले असतात, सापाच्या तोंडाशी क्रोध, लोभ असे दोष. काही पट ७२ घरांचे असतात, तर जैन परंपरेतले ८४ घरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये छापला जाऊ लागला. तीच तुमची-आमची सापशिडी.

आता या खेळाकडे जरा गणिती नजरेने पाहा. खेळणाऱ्याला त्यात काय करायचे असते? काहीच नाही! डाव आखायचा नाही, सोंगटी निवडायची नाही. जे काही घडते ते दान पडण्यावर. म्हणून आपण आधी दानाचाच विचार करू.

समजा, तुम्ही सहा कवड्या टाकल्या आणि जितक्या उताण्या पडल्या तितकी घरे पुढे गेलात. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखीच आहे असे मानू. (खरी कवडी तशी नसते. शंभर वेळा टाकून तुम्हीच मोजा.) सहा कवड्या एकूण ६४ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी सहाही उताण्या पडण्याचा प्रकार एकच, पण तीन उताण्या पडण्याचे प्रकार २०. म्हणजे तीनचे दान सहाच्या दानापेक्षा वीसपट वेळा पडेल. फाशाचे तसे नाही, तेथे १ ते ६ यांपैकी प्रत्येकाला सारखाच मान. खेळ तोच ठेवून कवड्यांच्या जागी फासा घेतला तर खेळ बदलतो हे यावरून ध्यानात येईल. दहावीच्या पुस्तकात 'संभाव्यता' या प्रकरणात यालाच यादृच्छिक प्रयोग म्हटले आहे. पुढे काय होणार हे आधी सांगता येत नाही, पण काय काय होऊ शकेल याची यादी मात्र करता येते, असा तो प्रयोग.

कवडी काय किंवा फासा काय, दोन्ही आपल्या डोळ्यांसमोर पडतात. मोबाइलवरच्या लुडोमधला फासा मात्र चित्रातला आहे. तो घरंगळताना दिसतो, पण घरंगळत काहीच नाही. मग आकडा कोठून येतो?

पहिल्या पडद्यावरच्या खेळांना हा प्रश्न पडलाच नव्हता. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिस दाखवले. १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' आला, तोही टेनिसच. चेंडू कोठे जाणार हे त्याचा वेग, दिशा आणि खेळणाऱ्याचा हात यांवरच ठरे. दैवाला थोडी जागा मिळाली ती या दोहोंच्या मध्ये, १९६२ साली एमआयटीमध्ये पूर्ण झालेल्या 'स्पेसवॉर' या खेळात. त्यात दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करीत. अगदीच कोंडी झाली तर आपले यान गडप करण्याची सोय होती, पण ते पुन्हा कोठे प्रकट होईल याचा नेम नसे.

येथे खरी अडचण सुरू होते. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक नोकर आहे. तीच आज्ञा, तीच आकडेमोड दिली तर उत्तर दर वेळी तेच येणार. त्यासाठीच तर आपण तो वापरतो. अशा यंत्राला 'मनाला येईल तो आकडा सांग' असे सांगायचे कसे? त्याला मन कोठे आहे?

यावर गणितज्ञांनी एक युक्ती काढली. खरे दान नको, दानासारखे दिसणारे आकडे पुरेत. १९४९ साली डी. एच. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने सुचवलेल्या पद्धतीचे थोडे बदललेले रूप आपण कागद-पेन्सिलीने करून पाहू. कृती अशी : एक संख्या घ्या. तिला ५ ने गुणा, ३ मिळवा आणि १६ ने भागून बाकी तेवढी ठेवा. ती बाकी ही पुढची संख्या. तिच्यावर पुन्हा हीच कृती करा.

७ पासून आरंभ करू. ७ पंचे ३५, अधिक ३ म्हणजे ३८. १६ ने भागून बाकी ६. आता ६ पंचे ३०, अधिक ३ म्हणजे ३३, बाकी १. असे करीत गेलात की ही माळ मिळेल :

७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७.

सूत्र ठाऊक नसलेल्या मित्राला हे आकडे दाखवा. त्याला ते चिठ्ठ्या उचलून काढल्यासारखे वाटतील. ० ते १५ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेली आणि मगच माळ पुन्हा सुरू झाली. मात्र तुमचा मित्र चाणाक्ष असेल तर तो एक चोरी पकडेल : विषम, सम, विषम, सम असा क्रम कोठेच मोडत नाही! या आकड्यांवरून कोणी 'छापा की काटा' ठरवू लागला तर पुढचे उत्तर सांगायला ज्योतिषी नको. खऱ्या खेळांतली सूत्रे १६ च्या जागी चारशे कोटींहून मोठ्या संख्या घेतात आणि असे दोष झाकण्यासाठी बऱ्याच खटपटी करतात. आणि कोणतेही सूत्र येथे चालेल असेही नाही. देवळालीचे गणितप्रेमी शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या तुम्हाला माहीत असेल. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबावे लागते. (चारही अंक सारखे नकोत.) सौंदर्य म्हणून ही कृती अप्रतिम आहे, पण दान टाकायला तिच्याइतकी निरुपयोगी कृती सापडणार नाही.

ज्या संख्येपासून आरंभ होतो तिला 'बीज' म्हणतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठातले एकच बियाणे दोन शेतांत पेरले तर पाणी आणि जमीन यांप्रमाणे पीक कमी-अधिक येईल. गणिताच्या बीजाचे तसे नाही. तेच बीज पेरले की तेच पीक, दाण्याला दाणा जुळणारे. म्हणून 'माइनक्राफ्ट' या खेळात दोघांनी एकाच आवृत्तीत एकच बीज टाकले तर दोघांनाही तेच डोंगर, त्याच नद्या दिसतात. एवढे मोठे जग, पण मित्राला कळवायचा फक्त एक आकडा!

हीच गोष्ट कधी अंगावरही येते. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने काढलेल्या 'पॅकमॅन'मध्ये भुते घाबरून सैरावैरा पळतात, ती अशाच आकड्यांच्या आधाराने. पण प्रत्येक पातळीच्या आरंभी बीज पुन्हा तेच घेतले जाई. काही चिकाट्या खेळाडूंच्या हे ध्यानात आले. आपण दर वेळी नेमक्या त्याच वाटेने गेलो तर भुतेही दर वेळी तशीच पळतात! त्यांनी वाटा पाठ केल्या आणि खेळ पाढे म्हणावेत तसा खेळू लागले. या खेळात मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण ३३,३३,३६० आहेत, आणि तेथपर्यंत पोचलेली माणसे आहेत. आता बहुतेक खेळ बीज म्हणून घड्याळातली त्या क्षणाची वेळ किंवा तशीच सतत बदलणारी संख्या घेतात.

येथवर आकडे निष्पक्ष निघावेत म्हणून चाललेली धडपड आपण पाहिली. पण खेळ रचणाऱ्यांना लौकरच एक मौज कळली. माणसाला निष्पक्ष दान आवडत नाही. 'टेट्रिस' हा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी रचला. त्यात सात आकारांच्या विटा वरून पडतात. निव्वळ दैवावर सोडले तर हवी ती लांब वीट कधी कधी वीस-वीस डाव येत नाही. म्हणून पुढच्या आवृत्त्यांत सात आकारांच्या सात चिठ्ठ्या एका पिशवीत घालून एकेक काढावी, पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरावी, अशी रीत आली. आता लांब वीट फार तर बारा विटांनंतर यायलाच हवी. बारा का, हे तुम्हीच काढा.

'फायर एम्ब्लेम' या जपानी युद्धखेळाची गंमत याहून सूक्ष्म आहे. नेम लागण्याची शक्यता पडद्यावर टक्क्यांत लिहिलेली असते. या मालिकेतल्या अनेक खेळांत संगणक एक नव्हे तर दोन आकडे काढतो आणि त्यांची सरासरी पाहतो. दोन फाशांची बेरीज १२ येणे हे एका फाशावर ६ पडण्यापेक्षा कितीतरी दुर्मिळ असते. त्याच न्यायाने दोन आकड्यांची सरासरी टोकाला क्वचितच जाते. परिणाम असा की पडद्यावर ९० लिहिलेले असते तेव्हा नेम खरोखर सुमारे ९८ टक्के वेळा लागतो, आणि १० लिहिलेले असते तेव्हा सुमारे २ टक्केच. 'सिव्हिलायझेशन' या खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली एका व्याख्यानात अशीच कबुली दिली : तीनास एक अशी आपली बाजू वरचढ असताना हरलो की खेळणाऱ्याला अन्याय वाटतो, म्हणून आकडे थोडे त्याच्या बाजूने झुकवावे लागले. ९० टक्के म्हणजे 'नक्कीच' असे आपले मन धरून चालते, आणि खेळ त्या चुकीला सांभाळून घेतो. यात फसवणूक आहे का? मला वाटते, नाही. पण एक गोष्ट पक्की झाली. कवडी सर्वांसमोर पडते, येथे मात्र दान टाकणारा हात दिसत नाही, आणि तो कोणाच्याही बाजूने झुकू शकतो.

जोवर पणाला फक्त गुण लागलेले असतात तोवर याने फारसे बिघडत नाही. पण धंद्याची रीत बदलली. पूर्वी खेळ एकदाच विकत घेतला जाई. स्मार्टफोन आले, आणि आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट फार स्वस्त झाले. आता पुष्कळ खेळ फुकट मिळतात आणि पैसे आत गेल्यावर मागितले जातात. त्यातला एक प्रकार म्हणजे बंद पेटी : पैसे भरा, पेटी उघडा, आत काय निघेल ते तुमचे नशीब.

समजा, हवा असलेला पोशाख निघण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि एक पेटी १० रुपयांना आहे. तुमच्या वर्गातला कोणीही म्हणेल, 'म्हणजे हजार रुपयांत मिळणारच.' हिशेब करून पाहू. एका पेटीत तो न निघण्याची शक्यता ०.९९. शंभरही पेट्यांत न निघण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा स्वतःशीच शंभर वेळा गुणाकार. उत्तर येते ०.३६६. म्हणजे हजार हजार रुपये घालवलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने उरतात. तीन-तीन हजार घालवले तरी शंभरात पाच जण उरतातच. आणि आधीच्या ९९ पेट्या रिकाम्या निघाल्या म्हणून शंभराव्या पेटीला दया येत नाही; तिची शक्यता तीच, शंभरात एक. काही खेळ 'अमुक वेळा उघडली की नक्की' असा नियम मुद्दाम घालतात. २०२० साली आलेल्या 'गेनशिन इंपॅक्ट' या चिनी खेळात सर्वांत दुर्मिळ पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, पण नव्वदाव्या खेपेपर्यंत एक मिळेलच असा नियम आहे. हा नियम उपकारच आहे असे समजू नका. साठ-सत्तर वेळा पैसे भरलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

यावर देशोदेशी निरनिराळे उपाय झाले. २०१७ पासून चीनमध्ये पेटीतल्या वस्तूंच्या शक्यता जाहीर कराव्या लागतात. २०१८ साली बेल्जियमने विकतच्या पेट्यांना जुगारच ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. खेळाच्या आत शोभेच्या वस्तू विकणे हा मात्र याहून वेगळा व्यवहार आहे आणि तो जगभर चालू आहे.

शिक्षकांना हा हिशेब वर्गात पन्नास विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाला २० चिठ्ठ्या द्या, त्यांतल्या एकीवर खूण. प्रत्येकाने न पाहता एक चिठ्ठी उचलावी, पाहून परत टाकावी, चिठ्ठ्या ढवळाव्यात, आणि असे वीस वेळा करावे. आरंभीच प्रत्येकाला विचारून ठेवा : 'तुला खुणेची चिठ्ठी एकदा तरी मिळेल का?' उत्तरे फळ्यावर मांडा. मग एकदाही न मिळालेल्यांना हात वर करायला सांगा. गणिताप्रमाणे हा आकडा १८ च्या आसपास यायला हवा. तो १३ आला किंवा २३ आला तरी चिठ्ठ्यांना दोष देऊ नका. दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी लिहून ठेवा.