आउटबॉक्समधला मेल हलेना? चला, अडवणारा शोधू

लातूरच्या मार्केट यार्डातली आडत असो की नांदेडच्या डॉक्टर लेनमधली लॅब, तक्रार तीच: मेल येतात, पण जात नाहीत. पहिला संशय अँटिव्हायरसवर. कधी खरा, कधी उगाच. बसा पीसीसमोर. आपण आउटलुक आणि जीमेलचा पत्ता धरून चालू. थंडरबर्डमध्ये बटणं वेगळ्या जागी दिसतील, क्रम हाच. दोन सेटिंग एकदम बदलू नका, नाहीतर कशानं सुटलं ते कळायचं नाही.

१. ‘सेंड/रिसीव्ह’ टॅबमधलं ‘वर्क ऑफलाइन’ दाबा. हे न करता अडकलेला मेल हलवायला गेलात तर ‘पाठवणं चालू आहे’ म्हणून तो हलतच नाही.

२. आउटबॉक्समधले मेल ओढून ‘ड्राफ्ट्स’मध्ये टाका. वैतागून चारदा सेंड दाबलं असेल तर जादा प्रती आत्ताच उडवा. वाट मोकळी झाली की मिलवाल्याकडे एकाच सोयाबीनची चार बिलं जातील, मग फोनवर समजावत बसा!

३. ‘वर्क ऑफलाइन’ पुन्हा दाबून बंद करा. विसरलात तर पुढचं सगळं पाण्यात.

४. उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि साल बघा. फक्त वेळ नाही, सालसुद्धा. जुन्या पीसीची बटणासारखी बॅटरी संपलेली असेल तर लाईट गेली-आली की घड्याळ काही वर्षं मागं जातं. मग मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट पीसीला खोटं वाटतं आणि मेल अडतो. शिव्या खातो अँटिव्हायरस. तारीख नीट करा. रोज बिघडत असेल तर सीआर २०३२ बॅटरी बदलून घ्या, स्वस्त असते.

५. स्वतःच्याच पत्त्यावर एका ओळीचा मेल पाठवा. अटॅचमेंट लावू नका. हा आपला चाचणीचा मेल. तो गेला आणि बिलाचा जात नसेल, तर दोष फाइलचा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणून १८ एमबीच्या वरची फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा. तुमचं काम इथंच झालं. थेट पायरी १५ वर या.

६. चाचणीचा मेल अडला तर एररचा मोबाइलवर फोटो काढा. खिडकी घाईनं बंद करू नका, तोच पुरावा आहे.

७. फोटोतला मजकूर वाचा. पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत असेल तर अँटिव्हायरसला सोडा. जुन्या आउटलुकमध्ये जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड घ्या आणि तो टाका.

८. पीसी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि चाचणी करा. गेला, तर अडवणारा तुमच्या नेटच्या लाइनवर किंवा राउटरमध्ये. नाही गेला, तर बहुतेक पीसीतच. चाचणी झाली की हॉटस्पॉट लगेच बंद करा. विंडोज अपडेट तुमचा दिवसाचा डेटा गिळून टाकतं.

९. अकाउंट सेटिंगमध्ये आउटगोइंग पोर्ट बघा. २५ असेल तर ५८७ करा आणि एन्क्रिप्शनला ‘स्टार्टटीएलएस’ निवडा. पोर्ट २५ बऱ्याच नेट कंपन्या बंदच ठेवतात. येणाऱ्या मेलच्या आकड्याला मात्र हात लावू नका.

१०. घड्याळाशेजारचा छोटा बाण दाबून अँटिव्हायरस मोजा. दोन दिसले तर एक काढा. नव्या लॅपटॉपवर आलेला, मुदत संपलेला ट्रायल हमखास असतो. मुदत संपली म्हणजे तो गप्प बसतो असं नाही.

११. अँटिव्हायरसमधलं फक्त ई-मेल स्कॅनिंग बंद करा आणि चाचणी करा. आपल्याकडं घरोघरी असलेल्या, पुण्याच्या क्विक हीलमध्ये याचं नाव ‘ई-मेल प्रोटेक्शन’. सगळा अँटिव्हायरस झोपवू नका. मेल गेला तर चोर सापडला! जाणाऱ्या मेलचं स्कॅनिंग बंदच ठेवलं तरी चालतं, असं माझं मत. फाइलवरचा पहारा चालूच असतो. येणाऱ्या मेलचं मात्र पुन्हा चालू करा.

१२. क्विक हील असेल तर ‘ट्रस्टेड ई-मेल क्लायंट्स प्रोटेक्शन’ उघडा आणि तुमचा मेल प्रोग्रॅम यादीत घाला. यादीबाहेरच्या प्रोग्रॅमला मेल पाठवू न देणं हेच त्याचं काम. आउटलुकसारखे नेहमीचे त्याला ठाऊक असतात, वेगळा प्रोग्रॅम असला की अडतं. डेस्कटॉपचा शॉर्टकट निवडू नका. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली मूळ फाइल निवडा.

१३. फायरवॉलच्या यादीत मेल प्रोग्रॅमसमोर ‘ब्लॉक’ असेल तर ‘अलाव’ करा. कधीतरी घाईत आपणच ‘नाही’ दाबलेलं असतं. फायरवॉल पूर्ण बंद करणं हा उपाय नव्हे.

१४. एवढं करूनही अडलंच, तर अँटिव्हायरस काढून पीसी रीस्टार्ट करा आणि चाचणी घ्या. काढण्याआधी लायसन्स की वहीत उतरवून घ्या; डबा कधीच रद्दीत गेलेला असतो. उरलेसुरले तुकडे काढायला कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचंच रिमूव्हल टूल घ्या, दुसरीकडचं नको. मेल गेला की ताजी आवृत्ती टाका आणि पुन्हा चाचणी करा. काढूनही नाही गेला, तर अँटिव्हायरस सुटला; तो परत टाका आणि पायरी ६ चा फोटो दुरुस्तीवाल्याला दाखवा.

१५. ‘ड्राफ्ट्स’मधले मेल एकेक उघडून पाठवा. एक ‘सेंट’मध्ये दिसला की मगच दुसरा, आणि कालचं बिल असेल तर पाठवण्याआधी भाव एकदा बघून घ्या.