थैलीला हात लावू नकोस

अरे, तुझ्या नव्या मंडळीसाठी चाकणला भाड्याचा हॉल मिळाल्याचं कळलं आणि फार बरं वाटलं. आई तर शेजारीपाजारी सांगत सुटलीय. पण फोनवर तू म्हणालास ना, "ताई, सगळं मीच बघतोय, काळजी नको", तिथेच माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे लिहितेय. आधी ऐकून घे, मग हवं तर भांड.

पैशाचं आधी सांगते. देवावर विश्वास आहे तर हिशेब कशाला, म्हणणारे पाळक मी पाहिलेत. पौलापेक्षा का यांचा विश्वास मोठा? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली, तेव्हा ती एकट्याने न्यायला पौल तयार नव्हता. तुम्हाला जे पसंत असतील त्यांच्या हाती पाठवतो, असं त्याने करिंथकरांना कळवलं. दुसऱ्या पत्रात कारणही दिलं, कुणाला बोट दाखवायला जागा नको. मग तू कोण लागून गेलास? उपासना संपली की अर्पणाची थैली टेबलावर उलटी करायची, दोघांनी मोजायची, आणि ते दोघं एका घरातले नकोत. चुरगळलेल्या दहाच्या नोटा, चिल्लर, घडीवर घडी घालून कोंबलेली पाचशेची, सगळं वहीत, खाली दोघांच्या सह्या. तू त्या वेळी दारात उभा राहून लोकांना भेट. कुणी "पाळकसाहेब, हे तुमच्यासाठी" म्हणून हातात पाकीट सरकवलं, तर तेही वहीत जाऊ दे. पुढे ट्रस्ट नोंदवलास, की 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांना हिशेब द्यावाच लागतो. तेव्हा पावत्यांसाठी घर उलथंपालथं करण्यापेक्षा आत्ताच सवय लाव. आणि विश्वस्तांत घरचं माणूस नको. तुझे दाजीसुद्धा नकोत, मी त्यांना सांगून टाकलंय.

आता माणसं. "जबाबदारी घेण्याइतकं अजून कुणी तयार नाही रे बाबा" हे तुझं पालुपद मला पाठ झालंय. लुस्त्रात पौलाला दगडमार झाली, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. तरी परतीच्या वाटेवर तो त्याच गावात शिरला आणि तिथल्या कोवळ्या मंडळीत वडील नेमून, उपास-प्रार्थना करून, त्यांना प्रभूच्या हाती सोपवून पुढे गेला. ती माणसं काय सेमिनरीतून शिकून आली होती? करिंथात तो दीड वर्ष राहिला, इफिसात तीन वर्षं, आणि निघाला. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना तुझा विश्वास दांडगा असतो, हॉलची किल्ली दुसऱ्याला देताना कुठे जातो? महिन्यातून एक रविवार दुसऱ्याला उपदेश करू दे, आणि तू मागच्या बाकावर बस. तो अडखळला तर मान हलवू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

आपल्या टिळकांचंच बघ. 1917 साली मिशनची नोकरी सोडून नारायण वामनांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. केवढी झेप होती ती! 1919 मध्ये ते गेले आणि दरबार काही फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र आजही आपण गातो, कारण ती लोकांच्या तोंडी बसली होती, एकट्या टिळकांची राहिली नव्हती. तुझ्या हॉलमध्ये असं लोकांचं काय आहे, एकदा मोजून बघ.

दुसऱ्या मंडळीतली रुसलेली चार कुटुंबं तुझ्याकडे येतील, येणारच. त्यांना चहा पाज, त्यांच्या पाळकांना आपणहून फोन कर. आकडा फुगला म्हणून खूश होऊ नकोस. जुन्या पाळकांवर रुसलेले उद्या तुझ्यावरही रुसतील.

शेवटी माझ्या भावजयीबद्दल. पाळकबाई झाली म्हणजे संडेस्कूल, स्वयंपाक, गाण्याची तालीम आणि रडणाऱ्या बायकांचे फोन हे सगळं तिच्या गळ्यात, असं कुठल्या वचनात आहे? ती नोकरी करते, तिच्या पगारावर तुमचं घर चाललंय, आणि तू स्टेजवरून "प्रभू पुरवतो" म्हणतोस. पुरवतोच, पण तिच्या हातून पुरवतो, हेही म्हण की कधी मंडळीसमोर. आज रात्री तिला नीट विचार, यातलं तिला काय करायचंय. ती "काहीच नको" म्हणाली तर तिला समजावायला बसू नकोस, संडेस्कूलला दुसरं कुणीतरी शोध.