शून्य गुण आणि स्पायडर-मॅन



सुपरहिरोंचे चित्रपट मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मारामारी, कोसळणाऱ्या इमारती आणि शेवटी जग वाचवणारा एक जण. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा भाचा हटूनच बसला, "आत्या, हा एकच बघ." चित्रपट होता ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’. २०१८ सालचा, आणि तोही कार्टूनचा! शेंगा सोलता सोलता बघू, म्हणून बसले. शेंगा तशाच राहिल्या.

मला धरून ठेवलं ते सुरुवातीच्याच एका छोट्या प्रसंगानं. माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला मुलगा. वडील पोलीस, आई नर्स. त्याला एका नामांकित निवासी शाळेत प्रवेश मिळालाय, पण त्याचं मन तिथे नाही. जुने मित्र, जुनी शाळा, सगळं मागे राहिलंय. चूक की बरोबर अशा प्रश्नांच्या चाचणीत त्याला शून्य गुण पडतात. आता तुम्ही-मी काय केलं असतं? लाल पेनाने शेरा मारून पालकांना बोलावलं असतं. पण त्या बाई त्याला विचारतात, डोळ्यांवर पट्टी बांधून उत्तरं दिली तर किती गुण पडतील? निम्मे. मग सगळीच्या सगळी उत्तरं चुकवायची असतील, तर बरोबर उत्तर कोणतं हे माहीतच असावं लागतं! बाई त्याला शंभर गुण देतात आणि एक निबंध लिहायला सांगतात : तुला कोणत्या प्रकारचा माणूस व्हायचंय?

गणित तपासून बघा. चूक-बरोबरचे १० प्रश्न असतील, तर नुसत्या अंदाजाने सगळे चुकण्याची शक्यता १०२४ मध्ये एक.

हे ऐकलं आणि मला घामच फुटला, कारण माझ्या पाचवीच्या वर्गात असं एक शून्य होतं. नवोदय परीक्षेचा सराव म्हणून मी २० प्रश्नांची चाचणी घेतली होती, प्रत्येकाला चार पर्याय. वर्गात गणित सगळ्यात आधी सोडवणाऱ्या मुलाला २० पैकी ०. मी पेपरवर लिहिलं होतं, ‘अभ्यासाकडे लक्ष नाही’. वडिलांनाही तसंच सांगितलं होतं. मुलाचं नाव इथे लिहीत नाही.

चित्रपट पुढे बघत होते, पण अर्धं डोकं त्या पेपरात. तरी काही गोष्टी सुटल्या नाहीत. माइल्सला तो निबंध काही जमत नाही. तो काकाकडे जातो, दोघं भिंतीवर चित्र रंगवतात आणि तिथेच त्याला कोळी चावतो. म्हणजे पुढची सगळी गोष्ट एका न लिहिलेल्या निबंधातून सुरू होते! त्याला शिकवायला येतो तो दुसऱ्या विश्वातला पीटर पार्कर, पोट सुटलेला, आयुष्याला कंटाळलेला. शिक्षक म्हणून त्याला मी काठावर पास करीन. माइल्सची तयारी झालेली नाही असं ठरवून तो त्याला जाळ्याने खुर्चीला बांधून ठेवतो, तोंडसुद्धा बंद. तेवढ्यात वडील खोलीच्या दाराबाहेर येऊन मनातलं बोलतात. आतून उत्तर येत नाही. मुलाला आपल्याशी बोलायचंच नाही, असं समजून ते निघून जातात. मुलगा का बोलत नाही, हे दाराबाहेरून कसं कळणार?

चित्र हलवण्याची एक गंमतही मुलांना सांगण्यासारखी आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. इथे जंगलातल्या प्रसंगात पीटरसाठी प्रत्येक चौकटीला नवं चित्र आहे, तर माइल्सचं एकच चित्र दोन चौकटी टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. म्हणून तो अडखळत चालल्यासारखा दिसतो. पुढे त्याला जमायला लागतं, तशी त्याची हालचालही सुरळीत होत जाते. (या चित्रपटाला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं, ही माहिती भाच्याची. मी नंतर खात्री करून घेतली.)

सुट्टीनंतर वर्गात एक उपक्रम घेतला, तुम्हीही घेऊ शकता. कोऱ्या कागदावर १ ते २० आकडे लिहायला लावले. प्रश्न नाहीतच! प्रत्येक आकड्यापुढे अ, ब, क, ड पैकी काहीही लिहायचं. मग मी मनाने ठरवलेली उत्तरं वाचली आणि मुलांनी आपापले गुण मोजले. २३ मुलांत सगळ्यात कमी २, सगळ्यात जास्त ९. बहुतेकांना पाचच्या आसपास. शून्य कुणालाच नाही. अंदाजाने शून्य पडणं हजारात तिघांच्याच वाट्याला येतं, एवढं फळ्यावर सांगितलं आणि थांबले. त्याला ६ पडले होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

शाळा सुटल्यावर तो खडू गोळा करत रेंगाळला. मी काहीच विचारलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "बाई, नवोदयला तिथंच ऱ्हावं लागतंय ना? मग आजीला रात्री पाणी कोण देणार?"

त्याचा अर्ज मीच भरला होता. वडिलांची सही घेतली होती, फोटो चिकटवला होता. त्याला मात्र कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेले. वडिलांना आधी सांगितलं, की तो शेरा माझा चुकला. मग आजी, वडील आणि तो, सगळ्यांसमोर नवोदयचं बोलणं झालं. आजी म्हणाली, "माझं मी बघीन." तो काहीच बोलला नाही.

जानेवारीत परीक्षेला तो गेला. केंद्राबाहेर आला तेव्हा बाकीच्या मुलांना मी विचारलं, पेपर कसा गेला? त्याला नाही विचारलं. त्याच्या हातात फक्त पाण्याची बाटली दिली.