खो-खोतील जोडी : वेग, शैली आणि स्पर्श

खो-खो हा वेगाचा खेळ आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अर्धेच सत्य आहे. परंपरागत सामन्यात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. खुंट गाठल्याखेरीज दिशाही बदलता येत नाही. त्यामुळे तो कितीही वेगवान असला, तरी समोरचा गडी बसलेल्या दोघांमधून सहज पलीकडे निसटतो. त्याला बाद करते ती जोडी.

जोडी जुळविताना वेग आणि शैली या दोन्हींचा विचार करावा लागतो. ज्याची पहिली दोन पावले झपाट्याची, त्याला खो उशिरा दिला तरी चालतो; समोरच्यास सावध होण्यास अवधीच मिळत नाही. ज्याचा वेग सावकाश वाढतो, त्याला खो लवकर हवा. लांब हाताचा, सूर मारणारा खेळाडू खुंटाजवळ बसवावा. चटकन वळणारा मध्ये. अतिवेगवान खेळाडू सहकाऱ्याला ओलांडून पुढे गेला, तर मागे येऊन खो देणे नियमबाह्य ठरते. म्हणून त्याला सहकाऱ्यासाठी आपला वेग आवरावा लागतो.

एका वर्षी आम्ही केवळ धावण्याच्या वेळा पाहून संघ निवडला आणि पहिल्याच फेरीत हरलो. चूक आमची होती. पुढील वर्षी जी मुले एकाच खोलीत राहत, एकाच पंगतीत जेवत, त्यांच्या जोड्या लावल्या. त्यांना एकमेकांची पावले न पाहताही कळत.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरविले. संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्याची, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

इतिहासाचा एक दाखला येथे आठवतो. पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तत्पूर्वी पुण्यात मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सहकाऱ्यांना चालत असे. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. कौशल्य हवे, माणूस नको, अशी ती जोडी होती.

खो-खोत सहकाऱ्याच्या पाठीला हात लावल्याखेरीज खो देताच येत नाही. ज्यांच्या पूर्वजांचा स्पर्श समाजाने नाकारला, त्यांच्या मुलांनी या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यावा. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेइतकेच महत्त्व बंधुतेला दिले, आणि ही तत्त्वे आपण तथागतांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी 1954 मध्ये आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. आमच्या मैदानावर ती बंधुता रोज सायंकाळी पाठीवर पडणाऱ्या हातातून शिकली जाते. माजी विद्यार्थ्यांनी ती मैदानाबाहेरही जपावी. पुढे गेलेल्याने मागे बसलेल्याला वेळेवर खो द्यावा, एवढीच अपेक्षा.