एडीएक्स : जोर कळतो, दिशा नाही

मागच्या सेमिस्टरला मी एक शेअर घेतला. चार्टवर एडीएक्स ३६ दाखवत होता आणि ‘२५ च्या वर म्हणजे ट्रेंड मजबूत’ एवढंच मी वाचलेलं. आठ दिवसांत तीन हजार रुपये गेले. पैसे मेसचे होते. माझे बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, त्यांच्या मेहनतीचे. चूक नेमकी कुठे झाली, ते मित्रांसाठी लिहितो आहे.

एडीएक्स म्हणजे अ‍ॅव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स. जे. वेल्स वायल्डर यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात तो मांडला. आरएसआयसुद्धा त्याच पुस्तकातला. वायल्डर मूळचे मेकॅनिकल इंजिनीअर, म्हणजे आपल्यातलेच!

आता गणित बघू. समजा काल शेअरचा उच्चांक १०२, नीचांक ९८ आणि बंद भाव १०० होता. आज उच्चांक १०७, नीचांक ९९. उच्चांक ५ रुपयांनी वर सरकला, नीचांक खाली गेलाच नाही. म्हणून आजची वरची हालचाल ५, खालची ०. आता आजची ‘ट्रू रेंज’ काढू. उच्चांक ते नीचांक अंतर ८. कालच्या बंद भावापासून आजचा उच्चांक ७ वर, नीचांक १ वर. तिघांत मोठा ८, तीच ट्रू रेंज.

अशा १४ दिवसांच्या सरासऱ्या काढायच्या. वरच्या हालचालीला ट्रू रेंजने भागून १०० ने गुणलं की प्लस डीआय, खालच्या हालचालीचं तसंच केलं की मायनस डीआय.

समजा प्लस डीआय ३० आणि मायनस डीआय १० आला. फरक २०, बेरीज ४०. भागाकार करून १०० ने गुणलं की ५०. हा डीएक्स. त्याची पुन्हा १४ दिवसांची सरासरी म्हणजे एडीएक्स. आता आकडे उलटे करा : प्लस १०, मायनस ३०. उत्तर पुन्हा ५०च! कारण फरक घेताना चिन्ह सोडून दिलेलं असतं. फिजिक्सच्या भाषेत, एडीएक्स स्पीड सांगतो, व्हेलॉसिटी नाही. माझ्या शेअरचा मायनस डीआय वर होता. शेअर जोरात पडत होता आणि मी तो जोर बघून खूश!

गणपतीच्या सुट्टीत घरी सगळं सांगून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. परतताना मला रामवाडीच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. चारच दिवसांपूर्वी हा महामार्ग कोकणात जाणाऱ्या गाड्यांनी तुंबलेला होता, आता तेवढीच रांग मुंबईकडे. बाबा म्हणाले, “गर्दी बघून कुणी एसटीत चढतं का रे? पाटी वाचून चढतात.” एवढं नेमकं मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. एडीएक्स ही गर्दी, प्लस-मायनस डीआय ही पाटी.

आणखी दोन गोष्टी. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. अशा एकतर्फी पडझडीतही एडीएक्स वरच चढतो, हे विसरू नका. दुसरं, सरासरीची सरासरी असल्यामुळे तो उशिरा बोलतो. त्याने ‘जोर आहे’ म्हणेपर्यंत अर्धी गाडी निघून गेलेली असते. २० च्या खाली असेल तर बाजार जागच्या जागी घुटमळतो आहे असं धरतात.

आणि एवढं येऊनही पैसे मिळतीलच असं नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य ट्रेडर्सपैकी ९३ जण तोट्यात गेले. त्यांच्यापैकी कित्येकांच्या चार्टवरही एडीएक्स असेलच ना?

येत्या मे महिन्यात कारखान्यात बाबांच्या शेजारी बसून ते तीन हजार फेडायचं ठरवलं आहे. तोवर माझं ट्रेडिंग फक्त वहीत, पेन्सिलीने. मित्रांनो, तुम्हीही आधी पाटी वाचा!