'श्यामची आई' मुलांना दाखविताना

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आचार्य प्र. के. अत्रे यांनी तीवर काढलेला चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी, पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंची आई, माधव वझे यांचा बालश्याम आणि वसंत देसाई यांचे संगीत यांमुळे तो घरोघरच्या आठवणींत जाऊन बसला. ज्यांनी तो बालपणी पाहिला, त्यांची नातवंडेही आता मोठी झाली आहेत. आपल्याला प्रिय असलेली गोष्ट विद्यार्थ्यांनाही प्रिय व्हावी, ही शिक्षकाची इच्छा स्वाभाविकच होय. परंतु प्रेम आज्ञेने उपजत नाही. त्यासाठी वाट तयार करावी लागते.

पूर्वतयारी : शिक्षकाने चित्रपट प्रथम स्वतः पाहावा. तो कृष्णधवल असून सुमारे अडीच तासांचा आहे व त्याची गती संथ आहे. लहान मुलांना तो दोन बैठकींत दाखविणे सोयीचे होते. आधी कोकणातील त्या काळचे घर, विहीर, सावकाराचे देणे यांची थोडक्यात ओळख करून द्यावी. कृष्णाच्या कापलेल्या बोटासाठी द्रौपदीने आपले भारी वस्त्र फाडून दिले, ही कथा सांगून त्या प्रसंगावरील गाणे चार दिवस आधी वर्गात म्हणून घ्यावे. मग पडद्यावर ते ऐकू येताच मुलांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते, व ती आपण होऊन त्यात सूर मिसळतात.

दाखविताना : शिक्षकाने मुलांमध्येच बसावे. मध्येच चित्रपट थांबवून अर्थ सांगू नये. मुले हसली तर हसू द्यावीत, रडली तर रडू द्यावीत.

दोन ठिकाणी मात्र विशेष जपावे लागते. पहिले छडीचे. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई मारते व विहिरीवर पाठविते. शाळेतील छडीवर तर एक गमतीचे गाणेच आहे. हे पाहून मार हाच माया करण्याचा मार्ग, असा समज मुलांचा होऊ नये आणि शिक्षकाचाही होऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. त्या आईला मारताना स्वतःलाही यातना होत होत्या, आणि मुलाची भीती घालविण्याचे याहून चांगले मार्ग आज आपणांस ठाऊक आहेत, हे नंतर मोकळेपणी बोलावे.

दुसरे ठिकाण शेवटचे. चित्रपटात आईचा मृत्यू होतो. वर्गात एखादे मूल असे असते की ज्याची आई नाही, किंवा पोटासाठी दूरगावी गेली आहे. त्या मुलाच्या घरच्या माणसांशी आधी बोलावे. त्याला शेवट अगोदर सांगावा. पाहावयाचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे, आणि कारण चारचौघांत विचारू नये. तो बसला तर शिक्षकाने त्याच्या शेजारी बसावे. सर्व वर्ग रडत असता एकट्या त्याचेच डोळे कोरडे राहिले, तर त्याला कठोर समजू नये.

नंतर : चित्रपट संपताच 'यावरून काय बोध घ्याल?' असा प्रश्न टाकू नये. त्या दिवशी मुलांना तसेच घरी जाऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी एखादाच प्रसंग घ्यावा. श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते आणि मनही तसेच निर्मळ ठेवावयास सांगते, हा प्रसंग त्यास योग्य आहे. 'माझी आई' हा निबंध देण्यापेक्षा 'माझी काळजी घेणारे माणूस' असा विषय द्यावा. त्यात आजी येईल, मावशी येईल, थोरला भाऊ येईल, कदाचित बापही येईल. कोणाचीही पाटी कोरी राहणार नाही.

कोणास चित्रपट आवडला नाही, तर तेही ऐकून घ्यावे. गुरुजींनी ही कथा प्रेमाने सांगितली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती देतानाही तेच प्रेम शिक्षकाच्या वागण्यात दिसावे.